मंत्री घरी येतो तेव्हा

गावच्या ख्रिस्तमंदिराचा सण असावा, आवारात तोरणे लागलेली असावीत, बँडवाले वाद्ये पुसत उभे असावेत आणि दुसऱ्या घंटेच्या सुमारास एखादी सरकारी मोटार दाराशी येऊन थांबावी, हा अनुभव आपल्या धर्मग्रामांना नवीन नाही. मोटारीतून उतरणारी व्यक्ती कधी नगरसेवक असते, कधी आमदार, क्वचित मंत्री. कधी ती मते मागायला आलेली असते, तर कधी खरोखरच घरी आलेली असते. आई आजारी असते, पुतणीचे लग्न ठरलेले असते, किंवा शनिवार-रविवार मोकळा मिळालेला असतो आणि गावच्या मिस्सेला कैक महिने जाणे झालेले नसते. आत पाऊल पडताच माना वळतात. पहिल्या बाकावर बसलेला एखादा वृद्ध कोळी अर्धवट उठतो आणि जागा करून देऊ लागतो.

त्या वृद्धाने उठावे का? आणि तो उठलाच तर पाहुण्याने त्या जागेवर बसावे का? प्रश्न साधा दिसतो. पण त्यामागे ख्रिस्तसभेचा आणि राज्यसत्तेचा फार जुना इतिहास उभा आहे. त्या इतिहासातील काही पाने आपल्या मीरा-भाईंदर परिसराशी, विशेषतः उत्तनशी, जवळून निगडित आहेत. तीच येथे उलगडून पाहण्याचा मानस आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करू. आपण ज्याला मराठीत 'मंत्री' म्हणतो त्याला इंग्रजीत 'मिनिस्टर' म्हणतात. पण या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत. मंत्री हा 'मंत्र' शब्दाच्या घराण्यातला. राजाशी मंत्रणा करणारा, त्याला सल्ला देणारा तो मंत्री. 'मिनिस्टर' हा शब्द लॅटिन भाषेतला असून त्याच्या मुळाशी 'मिनुस', म्हणजे कमी, हा शब्द आहे. जो कमी आहे, जो सेवेला उभा आहे, तो मिनिस्टर. त्याच्या विरुद्ध टोकाला 'माजिस्तेर' हा शब्द. 'माजिस' म्हणजे अधिक. म्हणून जो अधिक जाणतो, जो वर आहे, तो माजिस्तेर. याच शब्दाचे पोर्तुगीज रूप 'मेस्त्र' झाले आणि त्यावरून आपल्या किनाऱ्यावरच्या सुतार-गवंड्यांना आपण 'मेस्त्री' म्हणू लागलो. शब्दांचे नशीब पाहा! घर बांधणारा आपला मेस्त्री व्युत्पत्तीने थोर ठरतो आणि लाल दिव्याच्या मोटारीतून ज्याला फिरताना आपण इतकी वर्षे पाहिले, तो मिनिस्टर सेवक ठरतो. ख्रिस्तसभेने हा शब्द त्याच्या मूळ अर्थासह जपला आहे. वेदीवर सेवा करणारा धर्मगुरू हा मिनिस्टर आणि रविवारी ख्रिस्तप्रसाद वाटण्यास साहाय्य करणारे आपल्यातले प्रापंचिकही मिनिस्टरच. तेव्हा गावचा मंत्री मिस्सेला येतो, त्या वेळी मंदिरात दोन मिनिस्टर एकत्र येतात. एक वेदीपुढे, दुसरा बाकावर. दोघांनाही तो शब्द एकच आठवण करून देत असतो.

भाईंदरच्या पश्चिमेकडील आपले ख्रिस्तमंदिर नाझरेथ मातेच्या नावाचे आहे. हे नाव आपण रोज उच्चारतो. परंतु नाझरेथ हे कसले गाव होते? येशूच्या जीवनापुरते बोलायचे तर ते त्याच्या लहानपणाचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गाव. लूकच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात त्या गावी परतण्याची एक हकिकत आहे. येशूची कीर्ती गालिलात पसरलेली होती. तो घरी आला आणि शब्बाथ दिवशी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात गेला. त्याच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी दिली गेली. त्याने वाचन केले. प्रथम गावाला कौतुक वाटले. मग हा तर आपल्या योसेफचा मुलगा, अशी कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या गावी जे केलेस ते इथेही करून दाखव, ही अपेक्षा त्या कुजबुजीमागे होती. त्याने गावापुरते काही करून दाखवण्यास नकार दिला, तेव्हा कौतुकाचा राग झाला आणि गावकऱ्यांनी त्याला डोंगराच्या कड्यापर्यंत लोटत नेले.

घरी परतलेल्या मोठ्या माणसाची ही जगातील बहुधा सर्वात परिचित कथा. तिच्यात घर आहे, आप्त आहेत, उपासना आहे आणि गावाच्या अपेक्षाही आहेत. गाव दोन चुका करते, असे ही कथा सांगते. एक, तो आपला आहे म्हणून त्याला लहान लेखते. दुसरी, तो आपला आहे म्हणून त्याने आपल्यालाच झुकते माप द्यावे असे मानते. पुढील दोन हजार वर्षांत या दोन चुकांत तिसरीची भर पडली. तो मोठा आहे म्हणून देवाच्या घरातही त्याला मोठा मानण्याची ती चूक.

ही तिसरी चूक किती लवकर घडू लागली होती ते याकोबाच्या पत्रावरून दिसते. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आणि मळके कपडे घातलेला गरीब असे दोघे उपासनेला येतात. श्रीमंताला चांगली बैठक मिळते, गरिबाला पायाशी बसायला सांगितले जाते आणि याकोब त्याबद्दल मंडळीला खडसावतो. पहिल्या बाकाचा प्रश्न असा प्रेषितांच्या काळापासूनचा आहे. चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाले, तेव्हा तो अधिकच बिकट झाला. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलनीका शहरात सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सम्राटाला कळवले की, प्रायश्चित्त केल्याखेरीज तुम्हाला ख्रिस्तप्रसाद देता येणार नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून जाहीर प्रायश्चित्त केले. याच सम्राटाला अँब्रोज यांनी वेदीलगतच्या जागेवरून उठवून लोकांमध्ये बसण्यास सांगितले, अशीही नोंद प्राचीन इतिहासकारांनी केली आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, गोराई, मनोरी या गावांचा मिळून झालेला भूभाग म्हणजे जुने धारावी बेट. मुंबईतील धारावीशी याचा संबंध नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि उत्तरेस वसईचा किल्ला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि तेव्हापासून १७३९ पर्यंत या बेटावर त्यांची सत्ता राहिली. याच दोनशे वर्षांत इथल्या कोळी आणि शेतकरी कुटुंबांत ख्रिस्ती श्रद्धा रुजली. वसईच्या किल्ल्यातील भग्न ख्रिस्तमंदिरांत आज कुणी गेले तर त्याला फरशीमध्ये बसवलेले दगड दिसतात. त्यांवर घराण्यांची मानचिन्हे कोरलेली आहेत. ती त्या काळच्या सरदार-अधिकाऱ्यांची थडगी होत. मृत्यूनंतरही वेदीजवळची जागा सोडायची नाही, हा त्यामागचा आग्रह होता. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याआधी काही आठवडे धारावी बेटही मराठ्यांकडे आले होते. खाडीच्या तोंडावरील हे ठाणे हाती असल्याखेरीज वसईची नाकेबंदी पुरी होत नव्हती. तहानंतर पोर्तुगीज अधिकारी व सरदार घराणी गलबतांत बसून निघून गेली. मागे राहिली ती गावे आणि त्या गावांतील श्रद्धा. ज्यांची नावे दगडावर कोरली गेली त्यांच्या वेदींवर आज झाडे उगवली आहेत. ज्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत त्यांच्या वंशजांनी उत्तन-डोंगरीची मंदिरे भरती ठेवली आहेत. सत्तेची पदे आणि गावची उपासना यांत टिकाऊ काय, याचे उत्तर आपल्या परिसराने स्वतः अनुभवले आहे.

या उत्तनशी नाते सांगणारा एक थोर लोकनायक एकोणिसाव्या शतकात जन्मला. जोसेफ बाप्टिस्टा हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडी या गावठाणात झाला. वडील जॉन बाप्टिस्टा हे मूळचे उत्तनचे. योगायोग असा की त्याच १८६४ साली बी.बी.सी.आय. रेल्वे गुजरातकडून येऊन मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि खाडीपलीकडचा हा सारा प्रदेश शहराशी जोडला गेला. तोपर्यंत उत्तनच्या माणसाला मुंबई जवळची होती ती मचव्याने, वारा असेल तेव्हा. आगगाडी आल्यानंतर पोटासाठी मुंबईत आणि मनाने गावात, असे दुहेरी जीवन आपल्या समाजात हळूहळू रुळले. आठवडा गोदीत, कचेरीत किंवा छापखान्यात काढायचा आणि सणासुदीला, लग्नाकार्याला, पेरणीला गावी यायचे. शनिवारी संध्याकाळी हातात पिशवी घेऊन भाईंदर स्थानकात उतरणाऱ्या माणसांची जी परंपरा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली, तिचा उगम त्या काळात आहे.

बाप्टिस्टा यांचे शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत, नंतर पुण्यास स्थापत्य अभियांत्रिकी आणि पुढे केंब्रिज येथे राज्यशास्त्र असे झाले. ते बॅरिस्टर होऊन परतले. त्या काळात आयर्लंडमध्ये 'होमरूल'ची चळवळ जोरात होती. आपल्या घराचा कारभार घरच्या माणसांनी पाहावा, या मागणीने या तरुणाचे मन वेधून घेतले. मुंबईस आल्यावर १९०१ पासून ते महापालिकेत काम करू लागले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. १९१० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांवर खटला झाला तेव्हा त्यांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले त्यांत बाप्टिस्टा होते.

यातले धाडस आज सहजी ध्यानात येणार नाही. आपल्या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले होते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन आहोत, बाहेरून आलेल्यांपेक्षा आपला नोकऱ्यांवर पहिला हक्क आहे, हे सरकारला सांगण्याचा तो एक मार्ग होता. रेल्वे, गोदी, कस्टम, सरकारी कचेऱ्या यांवर अनेक घरांच्या चुली अवलंबून होत्या. अशा समाजातला बॅरिस्टर राजद्रोहाचा शिक्का बसलेल्या माणसांच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा त्याच्या आप्तांना अभिमानाबरोबर काळजीही वाटणे स्वाभाविक होते. नाझरेथच्या सभास्थानातली कुजबुज प्रत्येक पिढीत वेगळ्या भाषेत ऐकू येते.

१९१५ च्या मे महिन्यात पुण्यास भरलेल्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद बाप्टिस्टा यांना देण्यात आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांच्या 'होमरूल लीग'ची स्थापना झाली. तिचे अध्यक्ष बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर, टिळकांनी स्वतःकडे कोणतेच पद घेतले नाही. ज्या संघटनेचा प्राण टिळक होते तिचा पहिला अध्यक्ष मराठी बोलणारा एक कॅथलिक असावा, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितली जाते. जन्मसिद्ध हक्काची ती प्रसिद्ध घोषणाही बाप्टिस्टा यांच्या सहवासातून टिळकांना सुचली, असे सांगितले जाते. १९१७ साली होमरूलची बाजू मांडण्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले. १९२० च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत 'ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस'चे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या संघटनेच्या संस्थापकांत बाप्टिस्टा होते आणि १९२१ साली झरिया येथे भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मुंबईच्या टपालवाल्यांनी संप केला तेव्हा त्यांच्या पाठीशी ते उभे राहिले. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

ते मंत्री नव्हते. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. परंतु इतकी पदे भूषवलेल्या या माणसाला लोक कोणत्या नावाने ओळखत होते? बॅरिस्टर नव्हे, अध्यक्ष नव्हे, महापौर नव्हे. लोक त्यांना 'काका' म्हणत. काका बाप्टिस्टा! महापौरपदाची मुदत वर्षभरात संपली. काकापणाला मुदत नव्हती. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे. तेथून गोदीचा आणि समुद्राचा विस्तार दिसतो. ज्या समुद्रावरून उत्तनचे मचवे मुंबईला येत असत तोच हा समुद्र. काकांनी आयुष्यभर जी मागणी केली तिच्या नावातच 'होम' आहे. ज्याला आपले घर कोणते हे ठाऊक होते त्यानेच घरच्या राज्याची मागणी करावी, यात एक संगती आहे.

पद उतरवून नात्यात परतण्याची ही गोष्ट ख्रिस्ती परंपरेत एका माणसाने फार सुंदर रीतीने जगून दाखवली. तो म्हणजे इंग्लंडचा संत थॉमस मोर. १५२९ ते १५३२ या काळात तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या खालोखाल सत्तेचा धनी होता. त्याचे वृद्ध वडील त्याच वेस्टमिन्स्टर सभागृहातील दुसऱ्या न्यायालयात न्यायाधीश होते. आपल्या आसनाकडे जाताना वडील तेथे बसलेले दिसले की हा चॅन्सेलर सर्वांदेखत गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेई आणि मगच पुढे जाई. ही आठवण त्याचा जावई विल्यम रोपर याने लिहून ठेवली आहे.

मोरचे घर लंडनबाहेर चेल्सी येथे थेम्स नदीच्या काठी होते. राजदरबारातून सुटका झाली की तो नावेने घरी येई आणि गावच्या मंदिरात गायकवृंदात उभा राही. एकदा नॉरफोकचा ड्यूक त्याच्याकडे जेवायला आला असता राज्याचा चॅन्सेलर पांढरा झगा घालून गाताना त्याला दिसला. ड्यूकला ते मुळीच आवडले नाही. चर्चच्या सामान्य सेवकाचे काम करून तुम्ही राजाचा आणि त्याच्या अधिकारपदाचा अपमान करता, अशा अर्थाचे तो बोलला. त्यावर मोरने शांतपणे सांगितले की, राजाच्याही धन्याची सेवा केल्याने राजाला राग येण्याचे कारण नाही.

याहून हृदयस्पर्शी प्रसंग पुढचा आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुरुष व स्त्रिया मंदिरात वेगळे बसत. मिस्सा संपली की मोरच्या चाकरांपैकी एकजण त्याच्या पत्नीच्या, ॲलिसबाईंच्या, बाकाशी येऊन साहेब निघाले अशी वर्दी देई. १५३२ च्या मे महिन्यात राजाच्या धर्मविषयक धोरणाशी मतभेद झाल्यामुळे मोरने पदाचा राजीनामा दिला. घरी त्याने ते अजून सांगितलेले नव्हते. सणाच्या दिवशी मिस्सेनंतर तो स्वतःच हातात टोपी घेऊन पत्नीच्या बाकाशी आला, नमस्कार केला आणि चाकराच्याच शब्दांत साहेब गेल्याची वर्दी दिली. बाईंना वाटले, हा नेहमीचा विनोद आहे. मग त्याने खरी हकिकत सांगितली. चॅन्सेलर खरोखरच गेला होता, उरला होता तो फक्त नवरा. पुढे ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. १९३५ साली तो संत म्हणून घोषित झाला आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला राज्यकर्ते व राजकारणी यांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केले. जगातील सर्व मंत्र्यांना जो आदर्श दिला गेला आहे, त्याच्या आयुष्यातला हा निर्णायक क्षण राजवाड्यात जितका घडला तितकाच गावच्या मंदिरात, बायकोच्या बाकाशी घडला.

आपल्या काळातही कोकण किनाऱ्याने असे दोन गृहागमनाचे प्रसंग पाहिले. पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अंतोनियो कोस्टा २०१७ च्या जानेवारीत भारतभेटीवर आले असता गोव्यात मडगावला आपल्या वडिलोपार्जित घरी गेले. त्यांचे वडील ओर्लांदो द कोस्टा हे लेखक. त्यांचे बालपण या मडगावात गेले होते. ज्या देशाने गोव्यावर साडेचार शतके राज्य केले त्या देशाचा पंतप्रधान गोमंतकीयाचा मुलगा म्हणून त्या घराची पायरी चढला. त्याला घरचे कोणत्या नावाने हाक मारतात? 'बाबुश', म्हणजे बाळ. दुसरा प्रसंग आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांचा. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातील वराड गावचे हिंदू. आई आयरिश कॅथलिक. २९ डिसेंबर २०१९ रोजी, रविवारी, ते आईवडील, बहिणी आणि कुटुंबीयांसह खाजगी भेटीवर वराडला प्रथमच आले. वडिलोपार्जित घर पाहिले, ग्रामदेवतेच्या देवळात गेले. आपण आईवडिलांच्या आमंत्रणावरून आलो आहोत आणि आमच्या तीन पिढ्या येथे एकत्र आहेत, असे त्यांनी तेथे सांगितले. ज्या आयर्लंडच्या होमरूलने काका बाप्टिस्टांना स्वराज्याची भाषा शिकवली, त्या आयर्लंडचा पंतप्रधान एका रविवारी कोकणातल्या घरी मुलगा म्हणून आला. इतिहासाने हे वर्तुळ मोठ्या सावकाशीने पुरे केले.

काका, बाबुश, वराडकरांचा मुलगा आणि योसेफचा मुलगा या चारही संबोधनांत पदाचा लवलेश नाही. मंत्र्याला गाव जे देऊ शकते आणि मंत्रालय देऊ शकत नाही, ते हेच संबोधन होय.

आता पुन्हा त्या पहिल्या बाकाकडे येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या बत्तिसाव्या कलमात या प्रश्नाचा विचार आहे. उपासनेतील सेवेमुळे किंवा दीक्षेमुळे येणारा भेद आणि उपासनाविधीच्या नियमांप्रमाणे नागरी अधिकाऱ्यांना द्यावयाचा मान वगळता, कोणत्याही व्यक्तीला वा वर्गाला उपासनेत खास मान देऊ नये, असा त्याचा आशय आहे. परिषदेने येथे दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. राज्याचा प्रतिनिधी राज्याच्या नावाने येतो, तेव्हा त्याचा उचित आदर राखावा; तो शिष्टाचार आहे. परंतु जो घरी आला आहे, आईचा हात धरून आला आहे, त्याच्यासाठी वृद्ध कोळ्याने उठण्याचे कारण नाही. उठवून त्याचे भले होत नाही. सहा दिवस ज्याच्यासाठी सारे उठून उभे राहतात त्याला सातव्या दिवशी तरी कुणी उठू नये याची गरज असते.

येथे कोणी विचारील की, मग आमच्या गाऱ्हाण्यांचे काय? हा प्रश्न उत्तन परिसरात तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे तिच्या कक्षेतली. शहर वाढले, त्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येऊ लागला. दुर्गंधी, धूर आणि शेतीत उतरणारे घाण पाणी यांविरुद्ध गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. मेट्रो-९ च्या कारशेडसाठी डोंगरी येथील हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ साली लोकांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या. मासेमारीच्या चिंता वेगळ्याच. अशा गावात ज्याच्या सहीने काही होऊ शकते असा माणूस मिस्सेला आला, तर त्याच्या हातात अर्ज द्यायचा नाही, हे सांगणे क्रूरपणाचे वाटेल.

अर्ज जरूर द्यावा. पण इतिहासाने शिकवलेला क्रम पाळावा. अँब्रोज यांनी सम्राटाला लोकांत बसवले ते त्याला गप्प करण्यासाठी नव्हे; कत्तलीबद्दल त्याला जाब त्यांनीच विचारला. जो बिशप सम्राटाला वेदीलगत मानाने बसवून ठेवतो त्याला असा जाब विचारणे जड जाते. तेच गावाचे. पाहुण्याला आपण पहिल्या बाकावर बसवले, हार घातला, मिस्सेअखेर व्यासपीठावरून त्याची स्तुती केली, तर बाहेर आल्यावर कचऱ्याबद्दल बोलताना आपली जीभ अडखळते आणि त्यालाही आश्वासन देऊन सुटता येते. उलट तो आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी गुडघे टेकून बसला असेल, तर आवारातील वडाखाली किंवा क्रुसाजवळ त्याला घरच्या माणसासारखे विचारता येते, 'बाबा, त्या डोंगराचे काय झाले?' नागरिकाला मंत्र्यापुढे वाकावे लागते. काकाला पुतण्यापुढे वाकावे लागत नाही. आणि हे विचारतानाही नाझरेथची दुसरी चूक टाळली पाहिजे. आपल्या मुलाला नोकरी, आपल्या घराला परवानगी, आपल्या गल्लीला रस्ता, एवढ्यापुरतेच त्याचे आपलेपण वापरायचे नाही. काका बाप्टिस्टांनी टपालवाल्यांसाठी, गिरणी-गोदीच्या कामगारांसाठी रक्त आटवले. त्यांच्याकडे जातीचा किंवा गावचा दाखला त्यांनी मागितला नाही. होमरूलमधले घर सर्वांचे होते.

आपल्या भागातून पुढेही लोकप्रतिनिधी निघतील. कुणी मंत्री होईल, व्हावा. शनिवारी रात्री तो घरी येईल, आईच्या हातची माशांची कढी जेवेल, आणि रविवारी सकाळी समुद्राच्या वाऱ्यात घंटा ऐकून उठेल. त्या दिवशी त्याच्याकडून आपण काय घ्यावे याचा विचार पुष्कळ होतो. त्याला काय द्यावे याचाही थोडा व्हावा. त्याला बाकावरची साधी जागा द्यावी. त्याच्या बालपणीचे नाव द्यावे. आणि बाहेर आल्यावर, त्याला आवडो न आवडो, खरी गोष्ट सांगावी.

'मिस्सा' हा शब्द, आपण जाणताच, लॅटिन उपासनेच्या शेवटच्या वाक्यातून आला आहे आणि त्याच्या मुळाशी पाठवणीचा अर्थ आहे. घरी आलेल्याला परत पाठवायचे असतेच. रविवारी दुपारी उत्तनच्या चढणीवरून ती मोटार भाईंदरकडे निघेल तेव्हा तिच्यात मंत्रीच बसलेला असेल. मात्र त्या दोन दिवसांत आपण कुणाचे सेवक आहोत, हे त्याला त्याच्या गावाने आठवून दिलेले असावे.